कोटवाल्या दादाचं बोलणं

माझे बाबा किल्ल्या बनवायचे. बाजाराच्या तोंडाशी, चपला शिवणारा आणि छत्र्या दुरुस्त करणारा यांच्या मधे त्यांची टपरी होती. टपरी म्हणजे खरं तर एक उभं लाकडी कपाट. दार उघडलं की दुकान उघडलं, लावलं की बंद. दाराच्या आतल्या बाजूला खिळ्यांवर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, फळीवर किल्ली घट्ट धरायचा एक छोटा शिकंजा बसवलेला आणि तेलकट डब्यात किल्लीचे दात घासायच्या बारीक-जाड कानशी. एवढ्या कुलपांच्या माणसाचं स्वतःचं कुलूप मात्र अगदीच किरकोळ होतं. कोणी त्यावरून चिडवलं की ते म्हणायचे, "आत कानशी आहेत. चोराला कानस चालवायची हौस असती तर तो चोर कशाला झाला असता?"

कोणाच्या घराचं दार उघडायला जायचं झालं तर त्यांचा एक नियम होता. आजूबाजूच्या घरातली दोन माणसं समोर येऊन उभी राहिल्याशिवाय ते कुलपाला हात लावत नसत. गिऱ्हाईक घाईत असो, चिडलेलं असो, बाई पोर कडेवर घेऊन उन्हात उभी असो. "शेजारी बोलवा," म्हणायचे आणि पायरीवर बसून राहायचे. लोकांना हा शिष्टपणा वाटायचा. मलाही वाटायचा. नियम कुठून आला ते मला बरंच उशिरा कळलं.

आमच्या घरी व्हिडिओ गेम आला तोही कपाट उघडण्यातून. एक कुटुंब गाव सोडून चाललं होतं आणि त्यांच्या लोखंडी कपाटाची किल्ली सामानात हरवली होती. बाबांनी कपाट उघडून दिलं. आत थंडीचे कपडे आणि त्यांच्या खाली वायरींच्या गुंडाळीत तो डबा, सोबत एकच सीडी. त्यांचा मुलगा नोकरीला लागला होता, त्याला आता त्यात गोडी नव्हती. घरातल्या बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे लहान कोणी असेल तर न्या हो, आम्ही कुठे ओझं वाहणार." बाबा पिशवीतून तो डबा घेऊन आले, तेव्हा आईने तो चारी बाजूंनी पाहिला आणि विचारलं, "हे वीज किती खातं?"

सीडीवर एका माणसाचं चित्र होतं. हातात दोर, खांद्याला झोळी, मागे कोसळणारा दगडी महाल. खजिन्याच्या शोधाचा गेम होता हे चित्रावरून कळत होतं. पुढचं काही कळायला मार्ग नव्हता, कारण त्यातली माणसं जी भाषा बोलत होती ती आमच्या घरात कोणाला येत नव्हती. माझा चेहराच पडला. बाबांना मात्र त्यात काही अडचण दिसली नाही. पहिल्याच दृश्यात तो माणूस एका म्हातारीसमोर उभा राहून हातवारे करायला लागला आणि मागे पलंगावर बसलेले बाबा त्याच्या ओठांबरोबर म्हणाले, "आजी, जरा खजिना शोधून येतो गं, दार लावून घे." म्हातारीने तोंड हलवलं. बाबा आवाज बारीक करून म्हणाले, "स्वेटर घेतलास का? आणि बाहेरचं पाणी पिऊ नकोस." मी हसून हसून जमिनीवर लोळले. त्या दिवसापासून आमची वाटणी ठरून गेली. जॉयस्टिक माझ्या हातात आणि जगातल्या सगळ्यांची तोंडं बाबांच्या ताब्यात.

रविवार दुपार म्हणजे तोच कार्यक्रम. खिडकीचा पडदा ओढून घ्यायचा, टीव्हीवरचं झाकण काढायचं, आई चहाचा कप बाबांच्या हातात देऊन तिथेच निवडण-टिपण घेऊन बसायची. "मला नाही बघायचं तुमचं ते," असं म्हणत सगळं बघायची. आजही कुठे पडदा ओढलेल्या खोलीत दुपारचं पिवळट ऊन दिसलं की माझ्या अंगठ्यांना काहीतरी व्हायला लागतं.

गोष्ट अशी होती. फार पूर्वीच्या एका राजाने सोन्याचा मुखवटा केला होता आणि मरताना त्याचे तीन तुकडे करून तीन टोकांना दडवले होते. एक समुद्रात बुडालेल्या मनोऱ्यात, एक बर्फाच्या डोंगरात, एक वाळवंटाखालच्या विहिरीत. तिन्ही जोडले की जमिनीखालच्या नगराचं दार उघडणार आणि तिथे राजाचा खजिना. आपला गडी (बाबा त्याला 'आपला गडी'च म्हणत) आणि पुस्तकं सांभाळणारी एक हुशार बाई मिळून निघाले होते. तिला बाबांनी 'मास्तरीणबाई' केलं. तिच्या खांद्यावर एक पोपट होता, तो बाबांच्या आवाजात सतत जेवायची वेळ विचारायचा. विहिरीतली मगर आमच्या घरमालकाच्या आवाजात बोलायची, "नळ चालू ठेवून झोपलात ना काल?" आईला भीती वाटायची की एखाद दिवशी मालक नेमके दारात उभे असतील.

दारं आली की बाबांमधला कारागीर उसळून यायचा. मी चार मशाली पेटवल्या आणि भलीमोठी शिळा बाजूला सरकली, की ते हताशपणे म्हणायचे, "हे काय कुलूप झालं? खिट्टी कुठाय? मशालीचा आणि खिट्टीचा संबंध काय?" कुठे दगडी सिंहाचे डोळे फिरवून दार उघडलं, तर म्हणायचे, "उद्या मीही टपरीत एक सिंह बसवतो." पण कोडं सुटेना झालं की तेच पुढे सरकून बसायचे आणि म्हणायचे, "घाई नको. त्याचं ऐक. कुठे अडतंय ते कुलूपच सांगतं." मी दर वेळी वैतागायचे आणि दर वेळी ऐकायचे.

आणि मग दर मोठ्या दारापाशी तो यायचा. उंच, लांब काळ्या कोटातला माणूस. आपला गडी दाराला हात लावणार तोच मागून त्याचा आवाज यायचा. बोट नाचवत, मुठी आवळत तो काहीतरी ओरडायचा आणि मग दोघांची जुंपायची. तो पहिल्यांदा दिसला तेव्हा बाबांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "हा याचा दादा."

"कशावरून?" मी विचारलं.

"अगं, बघ ना कसा ओरडतोय. परका माणूस इतक्या हक्काने ओरडेल का?"

मला ते पटलं. कोणालाही पटलं असतं. तेव्हापासून कोटवाला दादा घरातलाच झाला. "थांब!" बाबा त्याच्या जाड आवाजात म्हणायचे. "मला विचारल्याशिवाय उघडू नकोस. त्या दारामागे काय आहे तुला माहीत नाही." मग आपल्या गड्याच्या आवाजात, "नेहमी तुलाच विचारायचं का?" मग मारामारी. मारामारीच्या मधेच दादा विचारायचा, "सकाळपासून काही खाल्लंस का?" शेजारपाजारच्या बायका दुपारी डोकावून जायच्या आणि आईला जिन्यात गाठून विचारायच्या, "मग? आज दादा भेटला का?" खजिन्याचं कोणालाच पडलेलं नव्हतं. त्या भावांचं जमतंय का, एवढंच सगळ्यांना हवं होतं.

शेवट मात्र कोणालाच आवडायचा नाही. जमिनीखालचं नगर सापडतं, मुखवटा चढवला की सोन्याचे ढीग उजळतात आणि त्याच क्षणी सगळीकडून पाणी आत घुसायला लागतं. दगडी पूल मधोमध फुटतो. दादा कड्याला लोंबकळतोय, एका हातात मुखवटा. आपला गडी पालथा पडून हात खाली करतो, काहीतरी म्हणतो. दादा वर बघतो, त्याचे ओठ हलतात आणि तो खाली जातो. मगरीला आणि पोपटालाही ज्यांनी वाचा दिली, ते बाबा त्या दृश्याला एक अक्षर बोलत नसत. कपातला थंड झालेला चहा संपवत बसत. मी विचारायचे, "काय म्हणाला तो?" ते म्हणायचे, "ऐकू नाही आलं. पाण्याचा आवाज केवढा होता."

मग एकदा कपड्यांच्या घड्या घालता घालता आईने मला सांगितलं. बाबांना एक थोरला भाऊ होता, म्हणजे मला एक काका होते, आणि ते गावातच होते, पुलापलीकडे. आजोबांचं किल्ल्यांचं जुनं दुकान तेच चालवत होते. पूर्वी दोघं भाऊ तिथेच शेजारी शेजारी बसायचे. एक दिवस काका जेवायला गेले असताना एक माणूस धावत आला. बायको दवाखान्यात आहे, घराची किल्ली तिच्याकडे राहिली, तिचे कपडे घ्यायचेत, असं गयावया करून सांगू लागला. बाबा गेले आणि दार उघडून दिलं. घर त्याचं नव्हतं. संध्याकाळी पोलीस दुकानात आले. सगळा बाजार गोळा झालेला, आणि काका सगळ्यांदेखत म्हणाले, "दुकान माझं आहे, पण हे याने मला न विचारता केलंय. जे काय असेल ते याला विचारा." बाबांना घेऊन गेले. चोर सापडल्यावर सोडलं. तिथून ते दुकानात आले, फळीवरची आपली एक कानस उचलली आणि पुन्हा त्या उंबऱ्यावर पाय ठेवला नाही.

"आणि काका?" मी विचारलं.

"ते आले नाहीत, हे गेले नाहीत," आई म्हणाली. "दोघांचीही मान एकाच कारखान्यात बनलेली. वळतच नाही."

कॉलेजात माझ्या एका मैत्रिणीला ती भाषा येत होती. मी मोठ्या उत्साहाने तिला गेम दाखवला. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "हा दादा कुठला? हा तर अट्टल बदमाश आहे. याने नायकाच्या गुरूला मारलंय. ओरडतोय ते 'तो मुखवटा माझा आहे' म्हणून." मला तिचा असा राग आला! जणू तिने माझ्या काकांनाच शिवी दिली होती. घरी मी हे कधीच बोलले नाही. खरी गोष्ट आमच्याकडे होती, त्यांच्याकडे नुसती सीडी होती.

पुढे माझी नोकरी, लग्न, दुसरं घर, सगळं यथासांग झालं. डबा माळ्यावर गेला. आणि एका सकाळी टपरीचं दार उघडता उघडता बाबा खाली बसले ते उठले नाहीत. उजवी बाजू गेली. डॉक्टरांनी वाचवलं, पायही हळूहळू टेकायला लागला, पण उजवा हात मांडीवर पडून राहायचा. बोलता येत होतं, जरा जड, पण येत होतं. त्यांना बोलावंसं वाटत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "यांना बोलतं ठेवा, नाहीतर आहे तेवढंही जाईल." जो माणूस मगरीला बोलतं करायचा त्याला आम्ही "पाणी हवं का?" विचारायचो आणि तो मान हलवायचा. आई स्वयंपाकघरात जाऊन रडायची, आणि मी तिच्यावर चिडायचे, कारण मलाही तेच करायचं होतं.

मी महिनाभर माहेरी राहायला आले आणि माळ्यावरून डबा काढला. चालू होईल अशी आशा नव्हती, पण झाला. मी नवीन खेळ सुरू केला. म्हातारी आली, तोंड हलवलं. मी मागे बघितलं नाही. बऱ्याच वेळाने मागून जड जिभेने शब्द आले, "स्वेटर... घेतलास का?" आई दारात लाटणं घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली.

त्यानंतर रोज दुपारी आम्ही खेळायचो. पोपट बोलला, मास्तरीणबाई बोलली, मगरीने नळाची चौकशी केली. पण कोटवाला आला की बाबा गप्प. आधी तोच त्यांचा आवडता होता, आणि आता त्याच्या वाट्याचं एक वाक्यही निघेना. तो बोट नाचवत त्याच्याच भाषेत ओरडायचा आणि बाबा खिडकीकडे तोंड करायचे. एकदा मी रागाने विचारलं, "काय झालं, दादा का बोलत नाही?" ते म्हणाले, "त्याचं त्याला बोलू दे. माझ्याच्याने आता होत नाही."

दुसऱ्या दिवशी मी पुलापलीकडच्या दुकानात गेले. फळीमागे बाबांचंच कपाळ घेऊन एक म्हातारा बसला होता. मी पर्समधून आमच्या घराची किल्ली काढली आणि म्हटलं, "हिची दुसरी करून द्या." त्यांनी किल्ली उजेडात धरली, दातांवरून अंगठा फिरवला आणि फिरवतच राहिले. शेवटच्या खाचेत बाबा कानस एकदा उलटी ओढायचे. आजोबांची सवय.

"कोणी कापली ही?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला कळलंय."

"हात गेला त्याचा, असं ऐकलं."

"ऐकलं आणि आला नाहीत?" माझा आवाज चढला. रस्त्यावरच्या दोघांनी वळून पाहिलं. "तुमच्या मानेला नक्की झालंय काय, काका?"

ते रागावले नाहीत. किल्ली शिकंज्यात न लावता तशीच हातात धरून म्हणाले, "येऊन बोलू काय, पोरी?"

"काही बोलू नका. टीव्ही बघायला या."

ते आले. बिस्किटांचा पुडा हातात, चपला दाराबाहेर नीट जोडीने काढलेल्या. बाबांनी एकदा पाहिलं आणि नजर टीव्हीवर नेली. काकाही पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मधे उशी. आईने चहा आणून ठेवला आणि मुद्दाम उशी उचलून नेली. मी खेळायला लागले, कारण माझी दुसरं काही करायची छाती नव्हती. खेळ शेवटच्या टप्प्यावर आणून ठेवला होता, जमिनीखालच्या नगराच्या दाराशी.

कोटवाला आला. ओरडला.

"हा कोण?" काकांनी विचारलं.

"तो दादा," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "थोरला भाऊ त्याचा."

"काय म्हणतोय?"

मग बाबा टीव्हीकडेच बघत म्हणाले, "म्हणतोय, मला विचारल्याशिवाय उघडू नकोस."

"बरोबरच म्हणतोय की," काका बोलून गेले.

माझे अंगठे थिजले. बाबांचा चेहरा लाल झाला. "चुकलं म्हणून," ते शब्द जुळवत म्हणाले, "म्हणून चारचौघांत हात सोडायचा असतो?"

काकांनी कप खाली ठेवला. उठतात आता, असं मला वाटलं. ते उठले नाहीत. पडद्यावर मुखवटा चढला, सोनं उजळलं, पाणी घुसलं. पूल फुटला. काळा कोट कड्याला लोंबकळत होता आणि वरून हात खाली येत होता.

"हा काय म्हणतोय?" काकांनी हळूच विचारलं.

"हात दे म्हणतोय."

"आणि तो?"

"त्याचं मला कधी सुचलंच नाही," बाबा म्हणाले.

कोटवाल्याने वर पाहिलं. त्याचे ओठ हलायला लागले, आणि पलंगाच्या त्या टोकावरून काका त्या ओठांबरोबर बोलले, अडखळत, एखाद्याला पहिल्यांदाच जमतंय तसं. "घाबरलो होतो रे मी. पोलीस बघितले आणि घाबरलो. तुझ्याकडे बोट दाखवून सुटलो. नंतर रोज यावंसं वाटलं आणि रोज लाज वाटली."

मी पॉज दाबलं. पाणी थांबलं, पडणारे दगड हवेत थांबले, हात तेवढ्या अंतरावर थांबले. मागे वळून बघायची हिंमत नव्हती, पण एक म्हातारा माणूस रडताना जो आवाज होतो तो मला ऐकू येत होता, आणि तो कोणाचा होता ते सांगता यायचं नाही, कारण दोघांचे आवाज अगदी सारखे आहेत.

बऱ्याच वेळाने काकांनी नाक पुसलं. "मग?" त्यांनी विचारलं. "पुढे काय होतं त्या दादाचं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना शेवट पाठ होता, मलाही होता, आईलाही होता.

"पुढे काय व्हायचंय," बाबा म्हणाले. "वर येतो."

मी उठले आणि टीव्ही बंद केला.